झाडांची बाटली

नवऱ्याच्या निरोपसमारंभात त्याला सहा झाडं मिळाली. शाल-श्रीफळ आता जुनं झालं, असं त्याच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या मुलींनी ठरवलं होतं. लाकडी ट्रेमध्ये सहा लहान कुंड्या, प्रत्येकीत जाड, मांसल पानांचं एकेक झाड. सक्युलंट. एक जेड, एक पानफुटीच्या जातीचं, एक कोरफडीच्या धाकट्या बहिणीसारखं पांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांचं, एक हुबेहूब हिरव्या गुलाबासारखं. उरलेल्या दोघांची नावं मला अजून माहीत नाहीत.

"सर, यांना पाणी लागतच नाही," ट्रे देणारी मुलगी म्हणाली आणि तिचं तिलाच कळून ती लाल झाली. कारण तो पंचावन्नाव्या वर्षी घरी बसत होता तो मूत्रपिंडं गेल्यामुळे, आणि त्याचं पिण्याचं पाणी बंद झाल्यासारखंच होतं, हे सगळ्या हॉलला ठाऊक होतं.

"मग आमचं जमेल," नवरा म्हणाला.

हसावं की नाही ते कुणालाच कळेना. मी हसले. आम्ही दोघं तुर्भ्याच्या त्याच कारखान्यात एकाच वर्षी लागलो होतो, तो ड्रॉइंगला, मी प्रयोगशाळेत. त्यामुळे अहो-जाहो आम्हाला कधी जमलं नाही, आणि त्याच्या असल्या विनोदांना मी सरावलेली होते.

झाडं आमच्या कोपरखैरण्याच्या घरी हॉलच्या खिडकीत गेली. त्याच खिडकीशी त्याची खुर्ची होती.

आमच्या घराचा कारभार तेव्हा कसा चालायचा ते आधी सांगायला हवं. आठवड्यातून तीन दिवस, सोमवार, बुधवार, शुक्रवार, त्याचं डायलिसिस. दिवसाला एकूण आठशे मिलिलिटर द्रव, त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्या गिळायचं पाणी आलं. लघवी जवळपास होत नाही, त्यामुळे प्यालेलं सगळं अंगात साठतं आणि पुढच्या डायलिसिसला मशीन ते काढून घेतं. अंगात जास्तीचं पाणी नसताना माणसाचं जे वजन असतं त्याला तिथे कोरडं वजन म्हणतात. त्याचं अठ्ठावन्न किलो. दोन डायलिसिसच्या मध्ये दोन-सव्वादोन किलो वाढलं तर चालतं. तीनच्या पुढे हृदयावर ताण. चारच्या पुढे ते पाणी फुप्फुसात शिरतं.

मी रसायनं मोजण्यात तीस वर्षं घालवलेली बाई. मोजता येतं ते सांभाळता येतं, एवढंच मला कळतं. रोज सकाळी सात वाजता मी त्याची बाटली फिल्टरखाली भरायचे. पिण्याचं साडेचारशे, बाकीचं चहा-जेवणात. वहीत त्याचं सकाळचं वजन लिहायचे. नाश्ता झाकून ठेवून पावणेआठची बस पकडायचे.

झाडांचंही मीच ठरवलं. दिवसभर माणूस रिकामा बसणार, त्याला काहीतरी काम हवं, म्हणून पाणी घालायचं काम त्याला दिलं. सरबताची एक जुनी बाटली होती, तीनशे मिलीची. तिच्या झाकणाला दाभणानं चार भोकं पाडली. सहा कुंड्या, प्रत्येकी पन्नास. रोज सकाळी त्याच्या बाटलीबरोबर तीही फिल्टरखाली भरून खिडकीत ठेवायची. रोज का? तर आमच्याकडे अंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी घालतात. माझी आई घालायची, सासूबाई घालायच्या, मी घालते. कुंडीतलं झाड म्हणजे रोज पाणी. यात विचारण्यासारखं काही असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पंधरा दिवसांत हिरवा गुलाब गेला. पानं उकडलेल्या दुधीसारखी पारदर्शक झाली आणि हात लावला तर बुडापासून सुटून हातात आली.

त्या सकाळी तो फोनवर काहीतरी वाचत होता. "अगं, हे बघ. यांना रोज पाणी नाही घालायचं. माती पूर्ण वाळली की एकदा भरपूर, मग पंधरा-वीस दिवस काही नाही."

"आपल्या तुळशीला रोज घालतो. तिला काही झालंय?"

"तुळस वेगळी."

"झाड ते झाड. एखादं मरतंच," मी चपला घालत म्हणाले. "घाल तू. वाळून जातील नाहीतर."

मला बस गाठायची होती. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बाटली भरून ठेवली, तिसऱ्या दिवशीही. संध्याकाळी ती रिकामी असायची. उरलेली पाच झाडं बरी दिसत होती. विषय संपला, असं मी धरून चालले.

मार्चमध्ये ऊन वाढलं आणि त्याचं वजन वाढायला लागलं. अडीच, पावणेतीन, तीन.

डायलिसिसच्या सिस्टर तोंडाच्या फटकळ. "काका, परत तीन किलो? रात्री नळाखाली झोपता का?"

"झोपायला गेलो होतो," तो म्हणाला. "पाणी गेलं होतं."

सगळे हसले, पण मशीनवरच्या शेवटच्या तासात त्याच्या पोटऱ्यांना असे गोळे आले की तो पलंगाची कड धरून ओरडला. तीन तासांत तीन किलो पाणी ओढून काढलं की असं होतं.

मी शोध सुरू केला. आमटी बंद केली, सुकी डाळ केली. ताक बंद. दुधीची भाजी बंद, कलिंगड घरात आणायचंच नाही. मीठ आधीच कमी होतं, ते जवळजवळ नाहीसं केलं. वजन हललं नाही. मग मी ते केलं जे लिहायला मला आजही बरं वाटत नाही. फिल्टरच्या पारदर्शक टाकीला बाहेरून पांढरी चिकटपट्टी लावली आणि सकाळी निघताना तिच्यावर पेनानं पातळीची रेघ ओढायला लागले. संध्याकाळी येऊन आधी रेघ बघायचे, मग चपला काढायचे. रेघ कधीही हलली नाही. बाथरूमच्या नळाचं पाणी तो प्यायचा नाही याची मला खात्री होती. ते त्याला लहानपणापासून मोरीचं पाणी वाटतं, मेला तरी पिणार नाही.

पट्टी त्यानं बघितली होती. एकदा म्हणाला, "लॅबमध्ये चोऱ्या होतात वाटतं हल्ली."

"तुझ्यासाठीच करतेय."

"मी कुठे म्हटलं शेजाऱ्यांसाठी करतेस?"

पण शेजाऱ्यांवरच माझा संशय गेला.

आमच्या समोरच्या दारात एक काकू राहतात. मूळच्या बोनकोडे गावच्या. गावातलं घर पाडून तिथे इमारत उभी राहिली, तिच्या खोल्या भाड्यानं गेल्या आणि काकू मुलाबरोबर आमच्या सोसायटीत आल्या. साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. दार उघडं टाकून बसायची सवय काही सुटली नाही. दुपारी नवरा त्यांच्याकडे जाऊन बसायचा हे मला माहीत होतं. आणि त्यांच्या घरात उंबरा ओलांडला की आधी पाणी हातात येतं हेही माहीत होतं. गॅसवाला असो, मीटर बघणारा असो. "पान्याला नाय बोलू नये," हे त्यांचं पेटंट वाक्य.

एप्रिलमधल्या एका गुरुवारी कारखान्यात दुरुस्तीसाठी वीज बंद होती. मी दोन वाजताच घरी आले. समोरचं दार उघडं. नवरा खुर्चीवर बसलेला, शेजारी स्टुलावर स्टीलचा ग्लास.

मी चपलांसकट आत गेले.

"काकू, तुम्हाला किती वेळा सांगायचं?"

"काय गं बाय? बस तरी."

"यांना पाणी देऊ नका म्हणून. तुमचा देव पाण्याला नाही म्हणत नसेल, आमचा डॉक्टर म्हणतो."

"मी पानी दिला?"

"मग त्या ग्लासात काय ताक आहे?"

नवरा म्हणाला, "अगं, ऐक. त्यांनी काही दिलेलं नाही."

"तू गप्प बस. तीन-तीन किलो वजन हवेतून येतं का?"

तो गप्प बसला. त्या वेळी मला वाटलं, पकडला गेला म्हणून गप्प बसला. काकू उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"पान्याला नाय बोलू नये, बरोबर हाय," त्या म्हणाल्या. "सगल्या जन्मात कुनाला बोलले नाय. यांना बोलते. रोज बोलते."

मी ते ऐकलं, पण कानात गेलं नाही. नवऱ्याला दंडाला धरून घरी आणलं आणि दार लावून घेतलं. मोजल्याशिवाय काही न मानणारी मी, त्या ग्लासात डोकावूनसुद्धा बघितलं नाही.

त्यानंतर काकूंचं दार बंद राहू लागलं. वजन तिथेच राहिलं.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एका शुक्रवारी, कामावरून आल्यावर, तो डायलिसिसहून परतायच्या आधी, मी खिडकी पुसत होते. झाडं सुकली होती. जेडची पानं म्हाताऱ्या बोटांसारखी सुरकुतलेली, पट्ट्यापट्ट्यांचं झाड आत आक्रसून मुठीसारखं मिटलेलं. ऊन फार आहे, पाणी पुरत नाही, असा मी निष्कर्ष काढला. माझ्या हिशेबात त्यांना रोज तीनशे मिली मिळत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणखी एक बाटली शोधली, तिच्याही झाकणाला भोकं पाडली आणि दोन्ही भरून खिडकीत ठेवल्या.

"हे काय?" त्यानं विचारलं.

"झाडं बघ कशी झालीत. आजपासून दुप्पट."

तो बाटल्यांकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला.

शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार दुपार, हा आठवड्यातला सगळ्यात लांब पल्ला. शनिवारी मी दोन बाटल्या भरल्या, रविवारी दोन. रविवारी माझी सुट्टी, पण सकाळी बाजार, मग दळण, मग आठवड्याची इस्त्री. सोमवारी उजाडताना मला जाग आली ती आवाजानं. तो पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसला होता आणि त्याच्या छातीतून, हुक्क्यातून यावा तसा, पाण्यातून हवा जाण्याचा आवाज येत होता. ओठ निळसर. आडवं हो म्हटलं तर मान हलवली. बोलता येत नव्हतं.

अॅम्ब्युलन्सचा फोन लागेना. मी दार उघडून समोरची बेल दाबली आणि हात उचललाच नाही. काकूंनी एक नजर टाकली, आत वळून मुलाला हाक मारली, "गाडी काढ, चप्पल घालू नको." मागच्या सीटवर त्याला मध्ये बसवून एका बाजूनं मी आणि दुसऱ्या बाजूनं काकूंनी धरलं होतं. पूर्ण रस्ता त्या माझ्याकडे न बघता त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या.

वजन चार किलो सहाशेनं वाढलेलं. लगेच मशीनला लावलं. दुपारपर्यंत श्वास खाली आला. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. ते रागावले नाहीत, त्यामुळे मी जास्त घाबरले. म्हणाले, "या वेळी वेळेत आलात. पुढच्या वेळी वेळ मिळेलच असं नाही. पाणी कुठून जातंय ते तुम्हालाच शोधावं लागेल."

सगळं शोधून झालं होतं. फिल्टरची रेघ जिथल्या तिथे. काकूंचं दार बंद. मी प्रयोगशाळेत आठवड्याची रजा टाकली आणि घरी बसून त्याच्यावर पहारा केला. त्या गडबडीत झाडांच्या बाटल्या भरायच्या राहूनच गेल्या. त्या आठवड्यात वजन दोन किलो दोनशेच्या पुढे गेलं नाही. म्हणजे मी घरी नसतानाच काहीतरी होत होतं. पण काय?

त्याच आठवड्यात तो एकदा खिडकीकडे न बघता म्हणाला, "ती झाडं देऊन टाक कुणाला तरी."

"का?"

"मरायला आलीत. बघवत नाहीत."

मला वस्तू टाकून द्यायला आवडत नाही. शनिवारी सकाळी मी ट्रे उचलला आणि रेल्वे लाइनच्या पलीकडे रस्त्याला लागून एक नर्सरी आहे तिथे गेले. नर्सरीवाला जुन्नरकडचा, माझ्याच वयाचा, कानाला पेन्सिल. मी सांगितलं, पाणी भरपूर देतोय तरी पानं सुरकुतताहेत, कीड आहे का बघा.

त्यानं पानांकडे बघितलंच नाही. जेडची कुंडी नुसती उचलली, तळहातावर तोलली आणि खाली ठेवली.

"याला दीड-दोन महिने पाणी नाही, मॅडम."

"रोज घालत होतो. मध्ये दोन दिवस तर दुप्पट."

"कुणी सांगितलं?"

"मीच भरून ठेवते बाटली."

"भरून ठेवत असाल," तो म्हणाला. "इथवर आलेली नाही ती."

त्यानं कुंडी आडवी करून थोपटली. झाड मुळांसकट अलगद बाहेर आलं, आणि माती नव्हे, राख असावी तशी ती त्याच्या हातावर सांडली. मुळं पांढरी, कोरडी, पण धडधाकट.

"रोज एवढं पाणी गेलं असतं ना, तर हे आठ दिवसांत सडलं असतं. मूळ काळं पडलं असतं, वास आला असता. लोक काय करतात, पान सुरकुतलं की पाणी वाढवतात. पण पान दोन्हीनं सुरकुततं. पाणी नसलं तरी, आणि जास्त होऊन मूळ कुजलं तरी. कुजलेल्या मुळाला पिता येत नाही. पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं ते. म्हणून पान बघायचं नाही, कुंडी उचलायची. जड असली तर हात लावायचा नाही. हलकी झाली की मग द्यायचं, आणि देताना कंजूषपणा नाही. खालच्या भोकातून वाहेपर्यंत. रोज चमचा चमचा घालणं हा यांच्यावर अत्याचार आहे."

मग ट्रेमधली सहाव्या कुंडीची रिकामी जागा पाहून म्हणाला, "हे बघा, हे सडलं असणार. तेव्हा घालत होते. नंतर बंद केलं कुणीतरी."

रिक्षात ट्रे मांडीवर होता. नर्सरीवाला जे बोलला त्यातलं काही मला कळलं नव्हतं असं नाही. घरी येईपर्यंत मी ते परत परत मोजून बघत होते. रोजचे तीनशे. दोन दिवसांचे सहाशे, तीन दिवसांचे नऊशे. आणि त्या शनिवार-रविवारचे दोन-दोन बाटल्यांचे बाराशे. मीच भरलेले. लांब पल्ल्याच्या एरवीच्या वाढीत ते मिळवले की गणित जुळत होतं. वहीत सगळे आकडे होते, फक्त झाडांची बाटली मी वहीत कधी लिहिली नव्हती.

घरी आले तेव्हा तो खुर्चीत होता. मी ट्रे जमिनीवर ठेवला, बाथरूममधून टब आणला आणि त्यात चार बोटं पाणी भरलं. इतकी वाळलेली माती वरून घातलेलं पाणी घेत नाही, ते कडेनं निघून जातं. म्हणून पहिल्यांदा खालून भिजवायचं, असं नर्सरीवाल्यानं सांगितलं होतं. मी पाचही कुंड्या टबात ठेवल्या. कोरड्या मातीतून बुडबुडे यायला लागले, बारीक आवाज करत.

"नर्सरीवाला म्हणाला दोन महिने पाणी नाही यांना," मी म्हणाले.

तो बुडबुडे बघत होता. म्हणाला, "साधारण तेवढंच."

"रोज घालणं कधीपासून बंद केलंस?"

"गुलाब गेला तेव्हापासून. तुला सांगितलं होतं, रोज लागत नाही. तू म्हणालीस झाड ते झाड. दुसऱ्या दिवशी बाटली परत भरलेली. पहिल्यांदा बेसिनमध्ये ओतायला गेलो. फिल्टरचं स्वच्छ पाणी. जिवावर आलं ओतायचं."

"मग?"

"मग प्यालो."

"नंतर सांगायचं होतंस."

"नंतर सांगितलं असतं तर तू बाटली बंद केली असतीस."

नक्कीच केली असती.

"पहिल्यांदा त्यांना त्यांचं देत होतो," तो म्हणाला. "पंधरा दिवसांनी एकदा. मग ऊन वाढलं. तुला सांगून कळणार नाही. जीभ टाळूला चिकटलेली असते, खरवडून काढावीशी वाटते. त्यांना काय, चालवून घेतील, असं म्हणायचो. फिल्टरमधला एक थेंब जास्त नाही घेतला मी. तुझी रेघ बघ."

"रेघ बघत होते."

"तेच तर."

"आणि काकूंना मी एवढं बोलले, तेव्हा तोंड का उघडलं नाहीस?"

आता त्यानं मान खाली घातली. "ते चुकलं माझं. ते सगळ्यात जास्त."

"आणि शनिवारी दोन भरल्या तेव्हा?"

"दोन ठेवल्यास ना तू," तो म्हणाला. आवाजात आरोप नव्हता. आरोप असता तर मला भांडता आलं असतं.

वीस मिनिटांनी मी कुंड्या उचलून बाथरूममध्ये जाळीवर निथळायला ठेवल्या. टप टप आवाज सुरू झाला. दिवसाला साडेचारशे मिली मिळणारा माणूस हॉलमध्ये बसून तो आवाज ऐकतोय हे ध्यानात येऊन मी दार ओढून घ्यायला गेले.

"राहू दे उघडं," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी मी फिल्टरवरची पट्टी काढली. डिंकाचा डाग निघाला नाही, अजून आहे. भोकं पाडलेल्या दोन्ही बाटल्या कचऱ्यात टाकल्या. वही आणि मोजपात्र त्याच्यासमोर ठेवलं. "यापुढे तू भर, तू लिही. जास्त प्यालास तर जास्त लिही. मी बघणार नाही असं म्हणत नाही, बघेन. पण खोटा आकडा मला सांभाळता येत नाही."

"ओरडशील?"

"बहुतेक."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या दारात उभी राहिले. माफी मागण्याचा मला सराव नाही.

"काकू, चुकलं माझं. पाणी तुम्ही देत नव्हता. मी देत होते."

"चुकलाच तुजा," काकू म्हणाल्या. मी देत होते म्हणजे काय, ते त्यांनी विचारलंही नाही.

"आत येऊ?"

"ये. पानी नाय देनार."

मी आत गेले. स्टुलावर तोच स्टीलचा ग्लास होता. या वेळी मी आत बघितलं. त्यात लवंगा होत्या. तोंडाला कोरड पडली की एक चघळायची, म्हणून त्या नवऱ्यापुढे ठेवायच्या. "आनि ते बसलेले असले की मी पन पीत नाय," काकू म्हणाल्या. "समोर घटाघटा प्यायचा कसा? माना नाय जमत. ते गेले की पिते." दीड-दोन महिने ती बाई भर उन्हाळ्याच्या दुपारी घशाला कोरड घेऊन त्याच्याशी गप्पा मारत बसली होती. मी मात्र कामावरून आले की त्याच्यासमोरच अख्खी बाटली तोंडाला लावायचे. आता स्वयंपाकघरात जाऊन पिते.

सगळं नीट झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल. वहीत आता त्याचं ड्रॉइंग ऑफिसचं रेखीव अक्षर असतं. तिसऱ्याच दिवशी ओळ आली: "दुपारी ३.१०, जादा २००." पुढच्या रविवारी पुन्हा: "जादा १५०, कारण नाही." सोमवारी वजन दोन किलो आठशे भरलं आणि सिस्टर सुरू झाल्या.

"काका, परत?"

"लिहिलंय मी," तो म्हणाला.

"लिहून काय उपयोग? पिऊ नका!"

"लिहिलंय त्यांनी," मी म्हणाले. माझ्या आवाजात काय होतं कुणास ठाऊक, त्या मुकाट्यानं मशीन लावायला लागल्या. घरी येताना मी ओरडले नाही. ओरडायचं फार मनात होतं. त्या संध्याकाळची आमटी तेवढी केली नाही, आणि त्यानंही विचारली नाही. मध्यंतरी दोन आठवडे वजन दोनच्या आसपास राहिलं. मग लिंबाचं लोणचं खाल्लं आणि पुन्हा तीन. त्या सोमवारच्या आवाजाच्या आठवणीनं मी आजही उजाडताना दचकून उठते आणि त्याचा श्वास ऐकते. कोरडा असला की पुन्हा झोप लागत नाही, पण पडून राहते.

झाडांची पानं चार दिवसांत भरली. पाचही जगली. रविवारी तो त्यांना स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो. भिजून निथळल्यावरचं वजन आणि वाळल्यावरचं, दोन्ही त्यानं वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलीत. काल जेडची कुंडी चारशे बारा ग्रॅम भरली.

"साडेतीनशेला द्यायचं," तो म्हणाला. "अजून नाही."

त्यानं कुंडी खिडकीत परत ठेवली. मग स्वतःच्या बाटलीकडे बघितलं. दुपारचे चार वाजले होते आणि तीत दीडशे मिली उरलं होतं, रात्रीच्या गोळ्या धरून. त्यानं बाटली उचलली, उजेडात धरली, तळहातावर तोलली. मी पाठमोरी होऊन भांडी लावत राहिले. झाकण घट्ट केल्याचा आवाज आला तेव्हा हातातली ताटली जाग्यावर ठेवली.